गाडीतल्या घरात टीव्ही: कॅम्परला फ्री डिशची छत्री कशी लावायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्या कॅम्परला आता चार वर्षं होतील. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आतून करून घेतली, दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, आणि बहुतेक ट्रिपला आई-बाबा बरोबर असतात. बाबांना संध्याकाळी सातला सह्याद्रीवरच्या बातम्या लागतात, चाळीस वर्षांची सवय आहे, आणि मला मनापासून वाटतं की सत्तरीच्या पुढच्या माणसाला आपण घरातून उचलून जंगलात नेतोय तर त्याच्या दिवसातली ही एक गोष्ट तरी जागेवर राहिली पाहिजे. गाडीत टीव्ही बसवायचं कारण एवढंच होतं.

मोबाईलवर बघा की, असं सगळेच म्हणतात. पण आम्ही जिथे गाडी लावतो तिथे, म्हणजे भंडारदऱ्याच्या मागच्या बाजूला, कोयनेच्या बॅकवॉटरला, कोकणात एखाद्या खाडीच्या आतल्या अंगाला, नेटवर्कची एक काडी येते आणि जाते, व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. फ्री डिशला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही, फक्त आग्नेयेकडचं मोकळं आकाश लागतं. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्या रस्त्यावर जास्त दिसायला लागल्यात आणि ओळखीतले बरेच जण हेच विचारतात की डिश कशी लावली, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. वाचायला वेळ लागेल पण एकदा समजलं की प्रत्येक मुक्कामाला सात-आठ मिनिटांत चित्र येतं.

आधी कुठली सर्व्हिस ते ठरवा, कारण प्रत्येकाचा उपग्रह वेगळा

गाडीसाठी माझं स्पष्ट मत डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली तेव्हापासून महिन्याचं भाडं शून्य. आपण वर्षातले फार तर चाळीस दिवस गाडीत असतो, तेवढ्यासाठी दर महिन्याला पॅकचे पैसे कशाला भरायचे. दुसरं म्हणजे पैसे भरून घेतलेलं डीटीएच कनेक्शन एका पत्त्यावर नोंदवलेलं असतं, ते गाडीत घालून फिरवायचं असेल तर आधी कंपनीला विचारून घ्या.

फ्री डिश येते जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून, जो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. टाटा प्लेचा ८३ अंशावर, एअरटेलचा १०८.२ वर, डिश टीव्हीचा ९५ वर. हे आकडे लक्षात ठेवा कारण पुढे घोळ नेमका इथेच होतो. एकाची छत्री लावलेली असेल तर त्यावर दुसऱ्याचा बॉक्स चालत नाही, सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३६ हजार किलोमीटरवर एका ओळीत बसलेत पण आपल्याकडून बघताना प्रत्येकाची दिशा वेगळी.

बॉक्स घेताना एमपेग-४ एचडी वाला घ्या, एमपेग म्हणजे चित्र पाठवायची पद्धत, ४ ही नवी, २ ही जुनी. जुने एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतात पण त्यात फ्री डिशचे सगळे चॅनल येत नाहीत.

सामान

६० सेंटिमीटरची ऑफसेट डिश, म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांना लटकलेली असते तीच साधी छत्री. पावसाळ्यात खूप फिरणार असाल तर ७५ ची घ्या, पण ती गाडीत ठेवायला जागा लागते आणि वारा जास्त धरते, मी दोन वर्षं ६० वर समाधानी आहे. युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे डिशच्या दांडीच्या टोकाला बसणारा, सिग्नल पकडणारा तुकडा. आरजी-६ केबल, म्हणजे डिशची नेहमीची गोल केबल, दहा मीटर, चांगल्या तांब्याची, आणि तिच्या टोकाला लावायचे एफ कनेक्टर चार-सहा जास्तीचे. तीन पायांचा लोखंडी स्टँड, हा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला, डिशच्या क्लँपला बसेल असा दीड इंची पाइप मधोमध उभा आणि खाली तीन घडीचे पाय. सुई असलेला साधा सॅटेलाईट फाइंडर. गवंड्याकडे असते ती छोटी पाणसळ. १० आणि १३ नंबरचे पाने. आणि एक रिकामा पाच लिटरचा कॅन, त्याचं काम पुढे सांगतो.

टीव्ही सोडून हे सगळं माझं साडेतीन हजारांच्या आत बसलं.

परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतात ते बटण दाबलं की आपोआप वर येणारे, स्वतःच उपग्रह शोधणारे गोल डबे बघून मोह होतो, मलाही झाला होता. पण ते मागवायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, त्यात ९३.५ अंश पूर्व हा उपग्रह घालता येतो का, कारण युरोपसाठी बनवलेल्या यंत्रात तिकडचे उपग्रह भरलेले असतात. दोन, अमेरिकेतल्या डीटीएचसाठी बनवलेला डबा तर अजिबात घेऊ नका, तिकडे सिग्नलच्या लहरी गोल फिरत येतात, म्हणजे सर्क्युलर पोलरायझेशन, आपल्याकडे सरळ उभ्या-आडव्या, म्हणजे लिनिअर, त्या एलएनबीवर आपल्याकडचं चित्र नीट धरलं जात नाही.

टपावर की जमिनीवर

यावर मी बराच विचार केला आणि शेवटी जमिनीवरच्या स्टँडवर आलो. टपावर बसवली तर रोज काढ-घाल करायला नको हा फायदा खरा आहे. पण एक तर टपाला भोकं पाडावी लागतात, आणि कोकणातला जुलैमधला पाऊस एकदा अंगावर घेतला की त्या भोकांची किंमत कळते. दुसरं, गाडीची उंची वाढते, आणि गाडीच्या नोंदणीत जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ तेच सांगतं, त्यामुळे कायमचं काही बसवायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. उन्हाळ्यात गाडी सावलीत हवी आणि डिश उन्हात हवी. डिश टपावर असेल तर दोन्ही एकत्र जमत नाही. स्टँड असेल तर गाडी आंब्याखाली आणि छत्री काही मीटरवर उघड्यावर.

मधला मार्ग म्हणून काही जण मागच्या शिडीला पाइप क्लँप करतात. चालतं, फक्त आत कोणी या बेडवरून त्या बेडवर गेलं की गाडी स्प्रिंगवर हलते आणि पावसात सिग्नल आधीच काठावर असेल तर चित्राचे चौकोन पडतात. तसं केलंत तर मागे दोन जॅक लावून गाडी टेकवून घ्या.

वीज: इथे घाई करू नका

आधी सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर हातात घ्या आणि त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय वाचा. बऱ्याच फ्री डिश बॉक्सना १२ व्होल्टच लागतात. २४ इंचांपर्यंतच्या बऱ्याच टीव्हींनाही बाहेरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. दोन्ही तसे मिळाले तर इन्व्हर्टर हवाच कशाला, १२ चे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत १२ करायचे यात बॅटरी फुकट जाते.

पण थेट बॅटरीला जोडू नका. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी ही नावाला १२ ची, चार्जिंग चालू असताना तिच्यावर १४.४ पर्यंत व्होल्टेज जातं आणि रात्री उतरली की ११.५ वर येते. टीव्हीला यातलं काहीच आवडत नाही. मध्ये एक १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी टू डीसी कन्व्हर्टर टाका, बक-बूस्ट म्हणून मागा, म्हणजे आत कमी आलं तरी आणि जास्त आलं तरी बाहेर १२ च. पाच-सहा अँपिअरचा पुरतो. पहिल्या वर्षी मी हा टाकला नव्हता आणि गाडी चालू करून बॅटरी चार्जिंगला लागली असताना टीव्ही लावला, तेव्हा टीव्हीचा पॉवर सप्लाय गेला, दुरुस्तीला जेवढे लागले तेवढ्यात असे तीन कन्व्हर्टर आले असते.

हिशोब सोपा आहे. टीव्ही साधारण ३० वॅट, बॉक्स आणि एलएनबी मिळून १० वॅट, झाले ४०. रोज चार तास बघितला तर १६० वॅट-अवर, म्हणजे १२ व्होल्टला साधारण १३-१४ अँपिअर-अवर. शंभरची लेड अॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची असते म्हणजे हाताशी ५० आले, त्यातले १४ टीव्हीला गेले, उरलेल्यात पंखा, लाइट आणि फोन. लिथियम असेल तर प्रश्नच नाही. आणि ही बॅटरी घराची, म्हणजे इंजिन स्टार्ट करायच्या बॅटरीपेक्षा वेगळी हवी, एका रात्रीच्या मॅचपायी सकाळी गाडी चालू न होणं फार वाईट.

वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या. ४० वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअर, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, १ स्क्वेअरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या वर वाटेतच पडतं, २.५ मध्ये पाव व्होल्टच्या आत. बॅटरीपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज टीव्हीजवळ लावून उपयोग नाही, कारण तो वायर जळू नये म्हणून असतो आणि वायर बॅटरीपासून सुरू होते.

केबल आत कशी आणायची

खिडकीच्या फटीतून केबल घेणं पहिल्या दोन ट्रिपला ठीक आहे, पण फट राहते, डास येतात, आणि काच सरकवताना केबल चेपली की आतला फोम बसतो आणि सिग्नल कमी होतो. मी मागच्या बाजूच्या पॅनलला, टपाला नाही, एक भोक पाडून रबरी ग्लँड बसवला, आतून-बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट. बाहेरच्या बाजूला भिंतीवर एक एफ सॉकेट, झाकणासकट. आता बाहेरून केबल फिरवून लावायची, आतून छोटी केबल बॉक्सला. बाहेरची केबल सॉकेटला लावताना आधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी केबलवरून वाहत सॉकेटात न जाता झोळातून खाली टपकतं.

कनेक्टर लावताना केबलची बाहेरची जाळी मागे नीट दुमडा, तिचा एक केसाएवढा तार जरी मधल्या तांब्याला टेकला तरी शॉर्ट होतं, बॉक्सवर एलएनबी शॉर्ट असं काहीतरी येतं किंवा बॉक्स सरळ बंद पडतो. मधला तांबा कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवा. आणि केबल लावताना-काढताना बॉक्स नेहमी बंद, कारण त्याच केबलमधून वर एलएनबीला वीज जात असते.

आता खरं काम: छत्री फिरवणं

बाजारातली मुलं येऊन पाच मिनिटांत लावून जातात म्हणून हे फार अवघड किंवा फार सोपं वाटतं. दोन्ही नाही. तीन गोष्टी जुळवायच्या असतात, उंचीचा कोन, दिशा आणि एलएनबीचा पीळ. आणि इथे आपल्याला एक मोठी सोय आहे जी मला दुसऱ्या वर्षी लक्षात आली. मी गणित करून गावांचे आकडे काढले, फ्री डिशच्या उपग्रहासाठी, दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखी मोजलेली, उंची क्षितिजापासून वर, दोन्ही अंशांत:

मुंबई: दिशा १३१, उंची ५७.५
पुणे: दिशा १३२, उंची ५९
रत्नागिरी: दिशा १२८.५, उंची ५९.५
कोल्हापूर: दिशा १२९, उंची ६०
पणजी: दिशा १२७, उंची ६१
छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९
नागपूर: दिशा १४४.५, उंची ६०

उंचीचा रकाना बघा. मुंबईपासून नागपूरपर्यंत आणि खाली गोव्यापर्यंत फरक साडेतीन अंशांचा. ६० सेंटिमीटरची डिश साधारण तीन अंश रुंद बघते. म्हणजे उंचीचा कोन घरीच एकदा ५९ वर नीट लावून नट घट्ट करून टाकायचा, आणि महाराष्ट्र-गोव्यात फिरताना त्याला फार तर शेवटी केसभर हात लावायचा. मुक्कामाला पोचल्यावर काम उरतं फक्त डावीकडे-उजवीकडे फिरवायचं. एका हालचालीत उपग्रह शोधणं आणि दोन हालचालींत शोधणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण हे चालतं ते एकाच अटीवर, स्टँडचा पाइप ओळंब्यात उभा हवा. पाइप दोन अंश कलला असेल तर डिश फिरवताना उंचीही बदलत जाते आणि मग तुम्ही तासभर फिरवत बसता. म्हणून स्टँड लावला की पाणसळ पाइपला आधी एका बाजूने आणि मग काटकोनात दुसऱ्या बाजूने टेकवायची, पायाखाली चपटे दगड किंवा फळकुटं सरकवायची, बुडबुडा मधोमध आला की मगच डिश चढवायची. हा दोन मिनिटांचा वेळ कधीही वाचवू नका.

डिशच्या मागच्या पट्टीवर अंशांचे आकडे कोरलेले असतात, ५९ तिथेच लावायचे. समोरून बघून अंदाज करू नका, कारण ऑफसेट डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, डिशचं तोंड थोडंच वर आहे असं वाटतं पण ती बघत असते बरीच वर.

मग दिशा. फोनचं होकायंत्र घेऊन गाडीपासून तीन-चार मीटर लांब उभे राहा, लोखंडी पत्र्याजवळ ते हमखास चुकतं, आणि फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हर काढा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात जवळजवळ फरक नाही त्यामुळे होकायंत्रावरचा आकडा तसाच वापरता येतो. १३१-१३२ च्या दिशेला लांबवर एखादी खूण धरा, झाड, विजेचा खांब, डोंगराचं टोक, आणि डिशची दांडी त्या खुणेकडे करा.

आता अडथळा बघायचा. ५९ अंश म्हणजे चांगलंच वर, त्यामुळे सह्याद्रीच्या डोंगरांचा सहसा त्रास होत नाही, झाडांचा होतो. हिशोब असा धरा की झाड जितकं लांब त्याच्या दीडपट उंचीपर्यंत चालतं. दहा मीटरवर पंधरा मीटरचं झाड असलं तरी सिग्नल त्याच्या डोक्यावरून येतो. माडाचं मात्र वेगळं. तारकर्लीला मी डिश अशी लावली की चित्र स्वच्छ, आणि दहा मिनिटांनी गेलं, परत आलं, परत गेलं. केबल बदलली, कनेक्टर परत केले, अर्धा तास गेला. मग स्टँडपाशी खाली बसून डिशच्या दांडीच्या रेषेत वर बघितलं तर वाऱ्याबरोबर एक झावळी त्या रेषेत येत होती आणि बाजूला होत होती, झावळी आली की चित्र जायचं. स्टँड दीड मीटर डावीकडे सरकवला आणि रात्रभर काही झालं नाही. तेव्हापासून लावल्यावर मी खाली बसून एक मिनिट नुसतं वर बघतो.

एक गंमतीची खूण सांगतो, दरवर्षी मार्चच्या मध्याआधी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत, सकाळी अकराच्या आसपास, सूर्य आपल्याकडून बघताना बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी काही मिनिटं चित्र जातं, बॉक्स बिघडला समजून घाबरू नका. पण त्याच दिवसांत अकरा वाजता जमिनीवर जिथे स्वच्छ ऊन पडलेलं असेल तिथे डिश ठेवली की सिग्नल येणारच, झाडांचा हिशोब करायची गरजच नाही.

बॉक्सचं सेटिंग आणि शेवटचा केसभर फरक

बॉक्समध्ये आधी हे करून ठेवा, घरीच. एलएनबी पॉवर ऑन. एलएनबी टाइप युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. डायसेक, म्हणजे अनेक एलएनबींतून एक निवडायचा स्विच, बंद, मध्ये तसा स्विच नाहीये आपला. ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरची कुठली फ्रिक्वेन्सी पकडायची ते, ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघूच नका. एलएनबीला वीज पोचली की डिश आभाळाकडे कुठेही केली तरी स्ट्रेंथ साठ-सत्तर दाखवते आणि नवीन माणूस तिथेच फसतो. आपल्याला क्वालिटी हवी, ती उपग्रह सापडेपर्यंत शून्य असते आणि सापडला की एकदम उडी मारते.

बाहेर डिशपाशी सुईचा फाइंडर लावा, एका बाजूला टू एलएनबी लिहिलेलं असतं तिकडे डिशकडून आलेली केबल, दुसऱ्या बाजूला टू रिसीव्हर तिकडे गाडीकडे जाणारी. नॉब फिरवून सुई तीनवर आणा. मग डिश हळूहळू, अगदी बोटभर, एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्या. सुई वर जाऊन आवाज वाढला की थांबा, नॉब कमी करा, परत. आत कोणीतरी स्क्रीनसमोर बसलेलं असू द्या, आमच्याकडे हे काम आईचं, ती खिडकीतून नुसता आकडा ओरडते. प्रत्येक हालचालीनंतर मनात तीन मोजा, बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात आणि भराभर फिरवलं की बरोबर जागा कधी मागे गेली ते कळतही नाही.

सुई पूर्ण वर आहे आणि क्वालिटी शून्य? तर तुम्ही शेजाऱ्याच्या घरात शिरलात. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, आपल्यापासून फक्त दीड अंश लांब, आणि फाइंडरची सुई कुठला उपग्रह ते सांगत नाही, काहीतरी आहे एवढंच सांगते. पुण्यातून बघितलं तर तो आपल्यापेक्षा सव्वादोन अंश डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे, आणि सव्वा अंश खाली आहे. डिशच्या कडेला मोजलं तर जेमतेम एक सेंटिमीटरची सरक. म्हणून डिशच्या मागे उभे राहून थोडी उजवीकडे घ्या, लहान बाळाचं डोकं वळवावं तसं, आणि तीन मोजा.

क्वालिटी आली की शेवटचा राहतो एलएनबीचा पीळ. फ्री डिश व्हर्टिकल पोलरायझेशनवर येते, आणि एलएनबी आपल्या दांडीच्या वाटीत गोल फिरतो तेव्हा तो त्या लहरींच्या आडव्या-उभ्याशी जुळतो. वाटीचा स्क्रू सैल करा, एलएनबी थोडा थोडा फिरवा, क्वालिटीचा आकडा सगळ्यात वर कुठे जातो ते बघा आणि तिथे आवळा. मग नेलपॉलिशने वाटीवर आणि एलएनबीवर मिळून एक रेघ मारून ठेवा. कोकण, गोवा, पश्चिम महाराष्ट्रात ही रेघ पुरते, विदर्भात गेलात तर दहा-बारा अंशांचा फरक पडतो, तेवढा नव्याने फिरवून घ्या. बऱ्याच लोकांची डिश उन्हाळ्यात ठीक चालते आणि पहिल्या पावसात जाते ती या पिळामुळे, कारण चाळीसवर चित्र दिसतंच, म्हणून कोणी साठपर्यंत नेत नाही, आणि मग ढग आला की हातात काही शिल्लक नसतं.

नट आवळताना पण आकड्यावर लक्ष ठेवा, आवळतानाच डिश केसभर फिरते. सगळं झालं की फाइंडर काढून टाका आणि केबल थेट जोडा. आता त्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरायचं आणि स्टँडच्या मधोमध दोरीने लटकवायचा, पाच किलो वजन खाली आलं की वाऱ्याला स्टँड सहज हलत नाही. समुद्रावर त्याशिवाय दोन ताण दोऱ्या आणि खुंट्या, वाळूत खुंटी तिरकी आणि लांब हवी.

पाऊस, वीज, आणि लडाख

जोराच्या सरीत चित्र जाणारच, डिशच्या सिग्नलच्या, म्हणजे केयू बँडच्या, लहरी दाट पावसात विरतात, दहा-पंधरा मिनिटांनी सर ओसरली की परत येतं, तेवढ्यासाठी भिजत जाऊन डिश हलवू नका, चांगली लागलेली जागा घालवून बसाल. गडगडायला लागलं, विशेषतः एप्रिल-मे मधले वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, तर केबल गाडीच्या सॉकेटातून काढून बाजूला टाका. उघड्या मैदानात लोखंडी स्टँड उभा आहे आणि त्याची तार तुमच्या बेडच्या उशाशी येते हे विसरू नका.

महाराष्ट्राबाहेर गेलात तर मात्र ५९ चा नियम सोडा. लेहला याच उपग्रहाची दिशा १५३ आणि उंची फक्त ४७ च्या आसपास, तिथे डोंगर आडवे येतात आणि झाड जेवढं लांब तेवढ्याच उंचीचं चालतं. निघायच्या आधी वाटेतल्या मुक्कामांचे आकडे काढून वहीत लिहून ठेवा, कारण जिथे ते लागतात तिथे नेट नसतं. आमची ती वही ग्लोव्ह बॉक्समध्ये असते, प्रत्येक मुक्कामाची दिशा, लागलेली क्वालिटी आणि स्टँड कुठे ठेवला होता ते, कारण परत त्याच ठिकाणी गेलं की दोन मिनिटांत काम होतं.

चालत्या गाडीत टीव्ही बंद, आणि स्क्रीन ड्रायव्हरला दिसेल अशी बसवूच नका. टीव्हीच्या ब्रॅकेटमागे पत्रा नाही तर १२ एमएमचं प्लायवूड हवं, घाटातल्या खड्ड्यांनी पत्र्यातले स्क्रू महिन्याभरात ढिले होतात.

आवरताना उलट क्रम. बॉक्स बंद, केबल काढायची, कॅनमधलं पाणी झाडाला घालायचं, डिश काढून जुन्या गोधडीत गुंडाळून बेडखाली, उंचीच्या नटाला हात लावायचा नाही. केबल हाताच्या कोपरावर न गुंडाळता मोठ्या गोल वेटोळ्यात. आणि डिश बाहेर असेपर्यंत स्टिअरिंगला एक लाल कापड बांधलेलं असतं आमच्याकडे, ते सोडायचं काम बाबांचं, ते बाहेर फिरून सगळं बघून येतात आणि मगच सोडतात.